काळी एकचा तंबोरा : एका घरातल्या वारशाचं प्रकरण

अण्णांचा तंबोरा कुणाकडे राहावा, यावरून त्या घरात कुणी भांडलं नाही. तो सांगलीला आत्यांकडे होता आणि तिथेच राहणार, हे सगळ्यांना मान्य होतं. वाद पेटला तो त्याचं करायचं काय यावर.

मी सांगलीत राहतो, हौशी गातो आणि ओळखीच्यांचे तंबोरे दुरुस्तीला मिरजेला घेऊन जाणं हे माझ्याकडे आपसूक आलेलं काम आहे. त्यामुळे या घरानं मला मध्ये घेतलं. घरातला नाही पण सुरातला आहे, एवढीच माझी पात्रता. हे प्रकरण लिहून ठेवतोय कारण अशी वाद्यं कितीतरी घरांत गवसणीत पडून आहेत आणि त्यांच्याभोवतीचे वाद साधारण याच वळणाने जातात.

अण्णा तालुक्याच्या गावी शाळेत संगीत शिक्षक होते. नोकरी सांभाळून बैठका करायचे. त्यांना दोन मुलगे आणि एक मुलगी, म्हणजेच या आत्या. थोरल्यांची मुलगी, म्हणजे अण्णांची नात, पुण्यात गाणं शिकते आणि गंभीरपणे शिकते. तिनं एका सुट्टीत आत्याकडे तंबोरा गवसणीतून बाहेर काढला, तेव्हा भोपळ्याला गेलेली चीर पहिल्यांदा सगळ्यांच्या नजरेला आली. मग प्रत्येकाला मत सुचलं.

थोरल्यांचं म्हणणं, काचेचं कपाट करून दिवाणखान्यात ठेवू, वर अण्णांचा फोटो लावू. धाकटे व्यवहारी. ते म्हणाले, मिरजेत कारागिराला हा देऊन टाकू, वर पैसे घालू आणि मुलीला तिच्या उपयोगाचा चांगला लेडीज तंबोरा (बायकांच्या चढ्या पट्टीसाठीचा लहान तंबोरा) घेऊ. अण्णांना हेच आवडलं असतं. नातीला हाच तंबोरा हवा होता, पण तिच्या पट्टीत, म्हणजे तिचा सा जिथे लागतो त्या सुरात, लावून. आणि आत्यांचं एकच वाक्य होतं : "आहे तसा राहू दे, कुणी हात लावू नका."

सगळ्यात रागाचं बोलणं धाकट्यांच्या सूचनेवरून झालं, पण ती सूचना सगळ्यात लवकर निकालातही निघाली. मिरजेला वाद्य दाखवल्यावर कारागीरच म्हणाले की बदल्यात देण्यासारखं काही नाही. जुना भोपळा, तोही तडकलेला, त्यांच्या दृष्टीनं कामाचा. पण विकत घेणाऱ्याला त्याची किंमत नाही, ज्याचा आहे त्यालाच आहे. तिथे तो विषय संपला.

एका आख्यायिकेचाही निकाल लागून गेला. घरात सांगायचे की हा तंबोरा किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या मैफलीत वाजलेला आहे. मिरजेच्या आसपासच्या निम्म्या तंबोऱ्यांबद्दल असं सांगतात. खाँसाहेबांचं मिरजेत वास्तव्य होतं, मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात ते गायचे, त्यांच्या नावानं तिथे अजून संगीत सभा भरते; त्यामुळे ही गोष्ट कुठल्याही जुन्या वाद्याला सहज चिकटते. पण खाँसाहेब गेले १९३७ साली. अण्णांच्या जमाखर्चाच्या वहीत तंबोरा नवा करून घेतल्याची नोंद आहे, आणि ती अण्णा नोकरीला लागल्यानंतरची, म्हणजे १९५०च्या दशकातली. थोरल्यांना वाईट वाटलं. मला विचाराल तर मास्तरकीच्या पगारातून पैसे साठवून मिरजेत तंबोरा बांधून घेणारा माणूस ही गोष्ट खाँसाहेबांच्या उष्ट्यापेक्षा कमी नाही.

वाद्याची तपासणी

मिरजेत सतारी आणि तंबोरे बनवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारी, शस्त्रं बनवणारी घराणी. संस्थानिकांच्या लढाया संपल्या, हत्यारांचं काम आटलं आणि त्यातले काही जण वाद्यांकडे वळले. फरीदसाहेब शिकलगारांचं नाव त्यात पहिलं घेतात. पुढे या मंडळींचं आडनावच सतारमेकर झालं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात फोटो आले; गल्लीतलं काम मात्र आधीही चालू होतं, तसंच नंतरही.

आम्ही गेलो त्या कारागिरांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी तंबोरा घेतला, न बोलता आडवा केला आणि भोपळ्यावर बोटांची पेरं वाजवत गेले. एका जागी आवाज बसका आला, तिथे खडूनं फुली मारली. मग आणखी एका जागी. चीर बाहेरून दिसत होती वीतभर. खडूच्या फुल्या तिच्या पलीकडे दीडपट लांब गेल्या.

ही चीर मुळात लहान होती. काही वर्षांपूर्वी गावातल्या एका दुरुस्तीवाल्यानं तीत इपॉक्सी भरून वर रंग मारला होता. दिसायला काम स्वच्छ. पण भोपळा हे फळाचं वाळलेलं कवच आहे. पावसाळ्यात ओल धरून किंचित फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. इपॉक्सी दगडासारखं जागच्या जागी राहतं. मग ताण शेजारच्या भागावर येतो आणि जुन्या चिरेच्या बाजूनं नवी चीर धावते. सरसानं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याच्या गोंदानं, सांधलेलं असतं तर भोपळ्यासोबत ते थोडं हललं असतं, आणि पुन्हा उकलायची वेळ आली तर गरम पाण्याच्या फडक्यानं सुटलंही असतं. दुरुस्ती अशी करावी की पुढच्या माणसाला ती उलगडता यावी, हे चाचांचं तत्त्व. वाद्याबाहेरही उपयोगी आहे, पण तो विषय वेगळा.

बाकी प्रकृती बरी निघाली. गळ्याजवळ भुंग्यानं पाडलेली बारीक छिद्रं होती, पीठ पडत नव्हतं, म्हणजे कीड जुनी आणि मेलेली. तबली (भोपळ्यावरचं लाकडी झाकण) घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या आडव्या तुकड्याच्या, पुढे जराशी बसली होती. चाचा म्हणाले, इतकं बसणं वयाचं आहे, ते उचलायला गेलं तर तबली जाईल. दांडी सुतासारखी सरळ. हे पाहून त्यांनी आत्यांकडे वळून विचारलं, "तारा कुणी उतरवल्या होत्या?"

आत्यांनीच. अण्णा गेले त्या आठवड्यात, कुणी न सांगता. चढ्या तारांवर वर्षानुवर्षं उभा ठेवलेला तंबोरा पुढे वाकतो आणि वाकलेली दांडी सरळ करणं फार थोड्या वेळा जमतं. जिवंतपणी अण्णाही बैठक नसलेल्या दिवसांत खुंट्या अर्धा फेरा सैल करून ठेवायचे. थोडक्यात, "हात लावू नका" म्हणणाऱ्या बाईंनीच सगळ्यात महत्त्वाचा हात लावला होता.

आहे तसा म्हणजे कसा

इथून पुढे प्रकरण मला खरं रंगतदार वाटलं.

आत्यांचा आग्रह होता की घोडी बदलायची नाही. अण्णांचा आवाज त्या घोडीत आहे. ही समजूत भाबडी नाही, तीत शास्त्र आहे. तंबोऱ्याचा झंकार घोडीतूनच येतो. घोडीचा माथा किंचित उताराचा असतो, तार त्या उतारावर हलकी टेकत-सुटत राहते आणि तारेखाली सरकवलेलं सूत ते टेकणं नेमक्या जागी आणतं. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेवर लिहिताना हेच दाखवलं होतं. एरवी तार ज्या बिंदूवर छेडाल, तिथे ज्या स्वरांशांचा (मूळ सुरासोबत उमटणाऱ्या वरच्या सुरांचा) स्थिरबिंदू असतो ते स्वरांश उमटू नयेत, असा नियम आहे. तंबोऱ्यात ते खुशाल उमटतात. कारण घोडीच्या वळणावर तार क्षणाक्षणाला नव्यानं आपटत असते. भोपळा आणि तबली तो आवाज मोठा करतात, त्याला अंग देतात. झंकार जन्मतो घोडीवर.

मग आत्यांचं बरोबर नाही का? बरोबर असतं, घोडी जर अण्णांच्या वेळची राहिली असती तर. पण जवारी, म्हणजे घोडीच्या माथ्याचा हा नेमका उतार, टिकत नाही. तार घोडीत बारीक खाच पाडते, उतार बिघडतो, आवाज आधी खरखरीत आणि मग मुका होतो. मग कारागीर कानशीनं माथा घासून उतार पुन्हा बसवतो. याला जवारी काढणं म्हणतात. बरीच घासल्यावर घोडी उंचीला कमी पडते आणि बदलावी लागते. पूर्वी चांगल्या घोड्या हस्तिदंताच्या किंवा सांबरशिंगाच्या असत. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्यांचा व्यापार बंद झाला, आता उंटाचं हाड, शिसवी किंवा कृत्रिम माल वापरतात.

जमाखर्चाची वही पुन्हा कामाला आली. तीत दूध, वाणी, शाळेच्या सहलीची वर्गणी यांच्यामध्ये दर एक-दोन वर्षांनी एक ओळ येते : "मिरज. उरूस. तंबोरा, जवारी." एका ठिकाणी त्यापुढे "नवी घोडी", आणि बऱ्याच पानांनंतर पुन्हा "नवी घोडी (हाडाची)". म्हणजे सांबरशिंगाची मूळ घोडी अण्णांनी स्वतःच काढून टाकली होती, आणि नंतर तिच्या जागी आलेलीही. जो आवाज जसाच्या तसा ठेवायचा म्हणत होतो, तो अण्णांनी आयुष्यभर दर एक-दोन वर्षांनी नव्यानं करून घेतला. नातीनं त्या ओळी वाचून दाखवल्या तेव्हा आत्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तरी पण पॉलिश नाही."

पॉलिशचा मुद्दा मला आधी किरकोळ वाटला होता, तो नव्हता. दांडीवर, उजव्या हाताचा अंगठा आणि तळवा जिथे टेकतो तिथे, टीचभर जागेवर लाखेचं पॉलिश पूर्ण उडालेलं. आतलं तुणीचं लाकूड उघडं पडून गुळगुळीत, काळसर झालेलं; कडेला पॉलिशचा थर सुकलेल्या ओहोळासारखा वेडावाकडा संपतो. चाचांच्या हिशेबानं हे दुरुस्तीचं पहिलं काम. भोपळा सांधल्यावर पॉलिश करावंच लागणार, मग सगळंच एकसारखं करू, नाहीतर लोक म्हणतील मिरजेचं काम अर्धवट.

आत्यांनी तेव्हा सांगितलं ते घरातल्या कुणालाच नीट माहीत नव्हतं. अण्णा बैठकीत स्वतः तंबोरा कधी घ्यायचे नाहीत; गाताना हात मोकळे लागायचे. मागे बसून तंबोरा धरायची त्यांची मुलगी, परकर-पोलक्यात होती तेव्हापासून लग्न होईपर्यंत. पहाटेचा रियाज अण्णांचा, संध्याकाळच्या बैठका आत्यांच्या बोटांच्या. ती उडालेली जागा दोघांची मिळून होती. तिथल्या तिथे आम्ही ठरवलं की भोपळ्याला लागेल तेवढंच पॉलिश करायचं आणि दांडीला हात लावायचा नाही. चाचांनी कुरकुर केली, मग म्हणाले, "असं करा, कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका." म्हणून इथेही लिहीत नाही.

पट्टीचा प्रश्न

नातीचा हक्क बाकीच्यांपेक्षा सरळ होता. घरात गाणारी ती एकटी. आजोबांच्या तंबोऱ्यावर नातीनं गावं, यात कुणाला वावगं वाटेल? पण वाद्याला नातं कळत नाही. हा जेन्ट्स तंबोरा, काळी एकसाठी, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सा साठी, बांधलेला. लांबी मोठी, भोपळा मोठा, तबली रुंद. ती गाते काळी चारमध्ये.

काळी एक ते काळी चार म्हणजे सा ते प. जोडीच्या, म्हणजे सा मध्ये लावलेल्या मधल्या दोन, तारा काळी एकमध्ये सेकंदाला सुमारे १३९ कंपनांवर बोलतात. काळी चारला त्यांना २०८ वर न्यावं लागेल, म्हणजे दीडपट. त्याच तारा खुंट्या पिळून चढवायच्या तर ताण दीडपट होऊन भागत नाही, दीडाचा वर्ग होतो : सव्वादोन पट. तार तुटली तर नशीब, नाहीतर बसलेली तबली आणखी बसेल, दांडी वाकेल. दुसरा मार्ग तारा बारीक घेण्याचा. ताण तेवढाच ठेवायचा असेल तर तारेची जाडी दोन-तृतीयांशावर आणावी लागते. हे करता येतं, आणि ओळखीत काही जणांनी केलेलंही आहे. ते तंबोरे मी ऐकलेत. सूर लागतो, पण एवढा मोठा भोपळा बारीक तारेला बोलत नाही. आवाज वरवरचा, किणकिणता येतो. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या, पितळी तारेची तर रयाच जाते.

चाचांनी वाद घातला नाही. दुकानातल्या दुसऱ्या एका जेन्ट्स तंबोऱ्यावर बारीक तारा चढवून काळी चार लावून दिली आणि नातीच्या हातात दिली. शेजारी लेडीज तंबोरा त्याच पट्टीत ठेवला. तिनं दोन्ही छेडले, लेडीजवर एक लांब सा लावला, आणि जेन्ट्स तंबोरा परत केला. तिचा चेहरा उतरलेला होता. कान तयार असणाऱ्या माणसाला समजूत घालून घेता येत नाही, हा त्याचा तोटा.

मधला एक पर्याय होता, काळी दोनपर्यंत चढवायचा. तेवढा ताण वाद्यानं बहुधा सोसला असता. पण मग तंबोरा ना तिच्या पट्टीत, ना स्वतःच्या. असल्या तडजोडी घरातल्या माणसांना खूश करण्यासाठी सुचतात आणि पुढे त्या वाद्यावर कुणीच गात नाही.

उरला काचेच्या कपाटाचा पर्याय. माझा त्याला विरोध होता आणि तो मी स्पष्ट सांगितला. दिवाणखान्याच्या भिंतीवर दुपारचं ऊन येतं, बंद काचेत भोपळा तापतो, आतल्या सांध्यांचा सरस सुकतो. शिवाय कपाटात उभा करायचा म्हटलं की कुणीतरी हौसेनं तारा चढवून ठेवणार, कारण ढिल्या तारा फोटोत बऱ्या दिसत नाहीत. तंबोरा ठेवायचाच असेल तर गवसणीत, तारा उतरवून, गादीवर आडवा.

आमच्यात गायला येणारा एक मुलगा आहे. सांगलीत इंजिनिअरिंगला, घर लांब, खोली भाड्याची, तंबोरा मोबाइलमधला. त्याची पट्टी काळी एक. मी सुचवलं की दुरुस्त झाल्यावर तंबोरा त्याला रियाजाला द्यावा.

आत्या भडकल्या. "परक्याच्या मांडीवर अण्णांचा तंबोरा?"

यावर माझ्याकडे उत्तर तयार होतं, कारण ते त्यांनीच दिलं होतं. बैठकीतला तंबोरा गाणाऱ्याच्या मांडीवर नसतोच, मागच्याच्या असतो. मी म्हटलं, "मुलगा फक्त गाईल. तंबोरा तुम्ही धरा." थोरल्यांना हे पटायला वेळ लागला. वारसा म्हणजे घरातल्या रक्ताच्या माणसानं पुढे नेलेली गोष्ट, असं त्यांच्या डोक्यात पक्कं. पण अण्णांनी शाळेत उभी हयात दुसऱ्यांची पोरं शिकवण्यात घालवली, आणि हा तंबोरा त्या पोरांना सूर देत होता. त्याचा वारस पट्टीवरून शोधला तर चूक काय, हे माझं मत. ते सगळ्यांनी स्वीकारलंय असं मी म्हणणार नाही.

पुढे काय झालं

तबली उघडून चाचांनी इपॉक्सी खरवडून काढलं, चीर सरसानं सांधली, आतून मलमलीच्या पट्ट्या आणि लाकडाच्या पातळ चिपा बसवल्या. घोडी नवी, शिसवीची. जुनी हाडाची घोडी त्यांनी कागदात गुंडाळून परत दिली. जवारी काढायला ते बसले तेव्हा दुकानातला पंखा बंद करायला लावला. दोन घास कानशीचे, एकदा छेडणं, सूत केसभर सरकवणं, पुन्हा कानस. पहिल्या तीन तारा लवकर उघडल्या. खर्जानं दमवलं.

मुलगा रविवारी सकाळी आत्यांकडे येतो. सुरुवातीला त्या खुर्चीवर बसून वाजवायच्या. पायाला बरं नसलं की अजूनही तसंच. बोटं दुखतात म्हणून अर्ध्या तासानं थांबतात, मग मुलगा स्वतः धरतो. त्याला दांडीवरच्या त्या जागेखाली हात टेकायला सांगितलंय, का ते सांगितलेलं नाही. तंबोरा घराबाहेर न्यायला मात्र परवानगी नाही. कॉलेजच्या कार्यक्रमासाठी त्यानं मागितला होता, आत्यांनी नाही म्हटलं, आणि मीही मध्ये पडलो नाही.

नातीसाठी चाचांकडेच लेडीज तंबोरा सांगितला. पैशांत धाकट्या काकांनी मोठा वाटा उचलला. ती माझ्यावर थोडी नाराज आहे. सुट्टीत आली की अण्णांचा तंबोरा लावून नुसता छेडत बसते, गात नाही.

थोरल्यांनी काचेचं कपाट केलंच. त्यात जमाखर्चाची वही आणि हाडाची घोडी ठेवली आहे. ऊन येतं म्हणून पडदाही लावला.

एक गोष्ट ठरायची राहिलीय. नियमित वाजवायला लागल्यावर जवारी वर्ष-दीड वर्षात पुन्हा काढावी लागेल, आणि तो खर्च कुणी करायचा? धाकटे म्हणतात, वापरतो त्यानं. आत्या म्हणतात, विद्यार्थ्याकडून पैसे घेतले असते तर अण्णांनी घरात जेवण केलं नसतं. उरूस जवळ आला की बोलू, असं म्हणून तो विषय तूर्त बाजूला ठेवलाय.